सी ९ आणि सी अ‍ॅड ९ एकच नाहीत: गिटारच्या लांबलचक कॉर्डची नावं कशी वाचायची

आधी एक गंमत करून बघा. गिटार नेहमीच्या ट्यूनिंगला असेल तर फ्रेटवरचा हात पूर्ण मोकळा सोडा आणि जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सहाही तारा सावकाश छेडा. ई, ए, डी, जी, बी, ई. एकही बोट न लावता हे जे वाजलं ना, ती एक एक्स्टेंडेड कॉर्ड आहे, तिला ई मायनर ११ म्हणता येतं, फक्त तिच्यातला नववा स्वर गैरहजर आहे. म्हणजे ज्या नावांना घाबरून आपण पान उलटतो त्यातली एक गिटार विकत घेतल्या दिवसापासून आपल्याकडे फुकट पडलेली असते.

मला ही नावं नीट शिकायची बुद्धी झाली ती फजिती झाल्यावर. एका प्रॅक्टिसला कागदावर सी अ‍ॅड ९ लिहिलेलं होतं, मला सी ९ चा शेप येत होता, आणि मी मनात म्हटलं की नऊ आहे ना, मग ते अ‍ॅड बिड काय असेल ते असो. हळुवार गाणं, शांत सुरुवात, आणि मी ऐटीत सी ९ वाजवली. गाणारी थांबली, आधी गिटारकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. दोन्ही कॉर्डमध्ये फरक एकाच स्वराचा आहे, पण तो स्वर नको तिथे तोंड उघडणारा निघाला. घरी येऊन दोन्ही शेप एकेक तार वाजवून तपासले तेव्हा कळलं की मी इतके दिवस कॉर्डचं नाव म्हणजे बोटांचा नकाशा समजत होतो. तसं नाहीये. नाव म्हणजे हजेरीपट आहे, आत कोणकोण असायला हवं एवढंच ते सांगतं. कुठल्या तारेवर, कुठल्या फ्रेटवर, कोण वर कोण खाली, ह्यातलं काहीच त्यात नसतं. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं सगळं मोजायचं काम आहे.

तुम्हाला ओपन कॉर्ड येतात आणि बार कॉर्ड थोड्याफार जमतात असं धरून चालतो. शेप लिहिताना जाड तारेपासून सुरुवात करतोय, × म्हणजे ती तार वाजवायची नाही, ० म्हणजे मोकळी. तारांचे नंबर मात्र उलटे, बारीक तारेपासून: सगळ्यात बारीक पहिली, सगळ्यात जाड सहावी.

पहिली पायरी: स्वरांना नंबर द्या आणि सातवर थांबू नका

सी मेजर स्केल घ्या. सी १, डी २, ई ३, एफ ४, जी ५, ए ६, बी ७. इथपर्यंत सगळ्यांना येतं. आता पुढे मोजत राहा: वरचा सी ८, डी ९, ई १०, एफ ११, जी १२, ए १३. झालं, ९, ११, १३ हे आकडे इथूनच येतात. सारेगमवर कान तयार झालेला असेल तर आणखी सोपं, नऊ म्हणजे वरच्या सप्तकातला रे, अकरा म्हणजे म, तेरा म्हणजे ध.

मग ८, १०, १२ च्या कॉर्ड का दिसत नाहीत? कारण ते सा, ग आणि प आहेत, ते साध्या मेजर कॉर्डमध्ये आधीच बसलेत, परत आले तर नवीन काहीच मिळत नाही. आणि १५ म्हणजे पुन्हा सा, म्हणून गाडी तेराला थांबते. सातही स्वर संपले की जोडायला उरणार काय.

कॉर्ड बांधायची पद्धत म्हणजे एक सोडून एक स्वर उचलायचा. १, ३, ५ घेतले की साधी कॉर्ड. त्यावर ७ ठेवला की सेव्हन्थ. त्यावर ९, मग ११, मग १३. आपण ज्याला एक्स्टेंडेड म्हणतो ते म्हणजे ही उतरंड सातव्याच्या पुढे नेलेली, बस.

हे एकदा एकाच तारेवर मोजून बघाच, कारण डोक्याने समजलेलं आणि बोटाने मोजलेलं ह्यात फार फरक पडतो. पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला सी आहे. तिथून चार फ्रेट पुढे, म्हणजे सातव्या फ्रेटला, तिसरा स्वर ई. मूळ स्वरापासून सात फ्रेटवर पाचवा, जी. दहावर कोमल सातवा, अकरावर शुद्ध सातवा, बारावर पुन्हा सी, आणि चौदावर नववा. मायनर कॉर्ड असेल तर तिसरा स्वर चारऐवजी तीन फ्रेटवर. अकराव्या स्वरासाठी १७ फ्रेट मोजावे लागतात आणि तेराव्यासाठी २१, तिथे बऱ्याच गिटारचे फ्रेट संपतात, तेव्हा सोयीसाठी त्यातून १२ वजा करून जवळच मोजा: नववा २ फ्रेटवर, अकरावा ५ वर, तेरावा ९ वर. स्वर तोच राहतो.

दुसरी पायरी: सातव्याचा घोळ मिटवा

नव्वद टक्के गोंधळ इथे असतो असं माझं मत आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ बसू.

सातवे दोन आहेत. सी पासून ११ फ्रेटवरचा बी, हा शुद्ध नि. आणि १० फ्रेटवरचा बी फ्लॅट, हा कोमल नि. आता गोष्ट अशी की नुसतं सी ७ लिहिलं असेल तर कोमल नि घ्यायचा. शुद्ध हवा असेल तर स्पष्टपणे मेजर ७ लिहावं लागतं. नवशिक्याला हे उलटं वाटतं आणि वाटणारच, स्केलमध्ये तर बी आहे ना, मग बी फ्लॅट कुठून आला. कारण असं की पाश्चात्त्य संगीतात सगळ्यात जास्त राबणारी सेव्हन्थ कॉर्ड म्हणजे स्केलच्या पाचव्या स्वरावरची, डॉमिनंट. सी च्या स्केलमध्ये ती जी वर बनते: जी, बी, डी, एफ. जी पासून एफ मोजा, बरोबर १० फ्रेट. जी रोज लागते तिला आखूड नाव मिळालं, एवढंच.

म्हणजे दोन शब्द, दोन वेगळी कामं. मायनर हा शब्द तिसऱ्या स्वराबद्दल बोलतो. आकड्याच्या आधी येणारा मेजर हा शब्द सातव्या स्वराबद्दल बोलतो. त्यामुळे चारही जोड्या शक्य आहेत:

सी ७: सी, ई, जी, बी फ्लॅट
सी मेजर ७: सी, ई, जी, बी
सी मायनर ७: सी, ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट
सी मायनर मेजर ७: सी, ई फ्लॅट, जी, बी

शेवटचं नाव वाचून लोक हसतात, मायनर पण आणि मेजर पण, पण आता कळलं असेल की त्यात विरोध काहीच नाही, तिसरा कोमल आणि सातवा शुद्ध. ऐकायची असेल तर ए मायनर मेजर ७ वाजवा, ×-०-२-१-१-०, रहस्यकथेत कोणीतरी जिना चढत असावं असा आवाज येतो.

लिहिताना लोक काय वाट्टेल त्या खुणा वापरतात तेही सांगून ठेवतो. लहान लिपीतला एम किंवा वजाची खूण म्हणजे मायनर. मोठ्या लिपीतला एम, किंवा मेज, किंवा छोटा त्रिकोण म्हणजे मेजर ७ वाला मेजर. हाताने लिहिलेल्या कागदावर लहान मोठा एम ओळखू येत नाही आणि तिथे पोरं फसतात, शंका आली तर विचारून घ्या, लाज वाटून घेऊ नका. मी नाही विचारलं त्याचं काय झालं ते वर सांगितलंच.

तिसरी पायरी: मोठा आकडा आला की खालचे गृहीत

सी ९ म्हणजे १, ३, ५, कोमल ७ आणि ९. आकडा फक्त सर्वात वरच्या स्वराचा सांगितलाय, पण त्याच्या खालचे विषम आकडे सगळे आपोआप आले, आणि सातवा तर आलाच आला. सातवा कुठला ते आधीच्याच नियमाने ठरतं: सी ९ मध्ये कोमल, सी मेजर ९ मध्ये शुद्ध, सी मायनर ९ मध्ये तिसरा आणि सातवा दोन्ही कोमल. नववा स्वर मात्र तिन्हीमध्ये तोच, डी. मेजर किंवा मायनर हे शब्द नवव्याला हातही लावत नाहीत, हे लक्षात ठेवा, कारण मायनर ९ बघून नववा कोमल करणारे बरेच भेटतात.

आता अ‍ॅड. सी अ‍ॅड ९ म्हणजे साधी सी, अधिक नववा. मधला सातवा नाही. अ‍ॅड लिहिण्याचा उद्देशच हा आहे की बाबा, मधले गृहीत धरू नको, मी सांगतोय तेवढाच स्वर घाल.

दोन्ही शेप शेजारी ठेवून बघा:

सी अ‍ॅड ९: ×-३-२-०-३-०
सी ९: ×-३-२-३-३-३

पहिल्यात सी, ई, जी, डी, ई. दुसऱ्यात सी, ई, बी फ्लॅट, डी, जी. दुसऱ्या तारेवर डी दोन्हीकडे आहे, तो नववा. खरी गंमत तिसऱ्या तारेवर: मोकळी ठेवली तर जी वाजतो आणि तिसऱ्या फ्रेटला दाबली तर बी फ्लॅट. तो बी फ्लॅट म्हणजेच माझी फजिती. तो आला की कॉर्डला पुढे कुठेतरी जायची घाई होते, ती एका जागी निवांत बसत नाही, आणि त्या गाण्याला तर निवांत बसायचं होतं.

सी ९ पकडताना मधलं बोट पाचव्या तारेवर, पहिलं चौथ्या तारेवर आणि अनामिकेने बारीक तिन्ही तारा तिसऱ्या फ्रेटला आडव्या दाबायच्या. अनामिका आडवी पडायला आठवडाभर कुरकुर करते. तोपर्यंत सगळ्यात बारीक तार सोडून द्या, तिथे पाचवा स्वर आहे, त्याच्यावाचून अडत नाही. का अडत नाही ते पुढे येतंच.

सस, म्हणजे सस्पेंडेड, मात्र वेगळं प्रकरण. सी सस २ म्हणजे तिसरा स्वर काढून त्याच्या जागी दुसरा बसवला: सी, डी, जी. सस ४ म्हणजे त्याच जागी चौथा. तिसरा नसला की कॉर्ड मेजर आहे का मायनर हे कळत नाही, लटकत राहते, नावातच ते आहे. तेव्हा अ‍ॅड ९ मध्ये डी आणि ई दोन्ही, सस २ मध्ये फक्त डी.

आणि हो, दोन आणि नऊ हा तर एकच स्वर ना? एकच. चार आणि अकरा एकच, सहा आणि तेरा एकच. मग कधी काय म्हणायचं? ढोबळ नियम असा की सातवा सोबत असेल तर मोठा आकडा. सी, ई, जी, ए म्हणजे सी ६, पण त्यात बी फ्लॅट आला की तोच ए तेरावा होतो आणि कॉर्ड सी १३. सहा आणि नऊ दोन्ही आहेत पण सातवा नाही, तर सी ६/९, सी सिक्स नाईन म्हणतात.

लोकांना वाटतं नववा स्वर म्हणजे तो वरच्या सप्तकातच वाजला पाहिजे. नाही. सी मेजर ९ चा सगळ्यात आळशी शेप बघा: ×-३-०-०-०-०. एक बोट, पाचव्या तारेवर तिसरा फ्रेट, बाकी चार तारा मोकळ्या. सी, डी, जी, बी, ई. इथे नववा स्वर डी मूळ सी ला खेटून बसलाय, वर बिर काही नाही, तरी नाव नऊच, कारण बी हजर आहे. ए मायनर ९ पण अशीच स्वस्तात मिळते: ×-०-५-५-०-०, दोन बोटं. तिच्यात बी आणि सी शेजारशेजारचे स्वर एकत्र वाजतात आणि जरासं दुखरं, गोड असं काहीतरी ऐकू येतं. माझी ही सगळ्यात आवडती कॉर्ड, कुठेही घुसवायचा मोह होतो.

चौथी पायरी: सात स्वर, सहा तारा, चार बोटं

सी १३ पूर्ण लिहिली तर सी, ई, जी, बी फ्लॅट, डी, एफ, ए. सात स्वर. तारा सहा, दाबायला बोटं चार, अंगठा धरला तर साडेचार. म्हणजे कोणालातरी दांडी मारावीच लागणार, आणि पियानोवाल्यांना नसलेला हा ताप गिटारवाल्यांना कायम आहे. प्रश्न एवढाच की दांडी कोणी मारायची.

सगळ्यात आधी पाचवा. तो साधा शुद्ध पाचवा असेल तर त्याच्यामुळे कॉर्डचा स्वभाव ठरत नाही, तो नुसता भरीला असतो. विश्वास बसत नसेल तर शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात येणारी ओपन सी ७ तपासा: ×-३-२-३-१-०. सी, ई, बी फ्लॅट, सी, ई. ह्यात जी कुठेच नाहीये! इतके दिवस पाचव्याशिवाय वाजवत होतो आणि कोणाची तक्रार आली नाही.

नंतर मूळ स्वर, जर सोबत बेस गिटार किंवा कीबोर्डवर कोणी तो वाजवत असेल तर. एकटे वाजवत असाल तर ठेवा, नाहीतर ऐकणाऱ्याला कॉर्ड भलतीच वाटू शकते.

जायचं नाही ते तिसऱ्याने आणि सातव्याने. मेजर का मायनर हे तिसरा सांगतो, आणि पुढे जायची ओढ आहे का जागीच बसायचं हे सातवा सांगतो, हे दोघं गेले की नाव फक्त कागदावर उरतं. ह्यांच्या जोडीला नावातला सर्वात वरचा आकडा, कारण तो नसेल तर ते नाव कशाला लिहिलं.

ह्याचा उत्तम नमुना म्हणजे जी १३: ३-×-३-४-५-×. जी, एफ, बी, ई. मूळ, कोमल सातवा, तिसरा, तेरावा. सातातले चार हजर, पाचवा नाही, नववा नाही, अकरावा नाही, आणि तरी ऐकताक्षणी कोणीही म्हणेल हो, ही १३. पहिलं बोट जाड तारेवर आणि त्याच बोटाच्या टोकाने पाचवी तार हलकेच झाकायची म्हणजे ती भुणभुणत नाही. सगळ्यात बारीक तार पाचव्या फ्रेटला दाबली तर ए म्हणजे नववाही येतो, पण ती चैन आहे.

अकराव्याचं दुखणं

अकराव्याबद्दल वेगळं लिहिलंच पाहिजे. सी ११ नियमाने सी, ई, जी, बी फ्लॅट, डी, एफ. आता ई आणि एफ एका फ्रेटच्या अंतरावर आहेत, तिसरा मेजर असताना अकरावा त्याच्या डोक्यावर बसला की दोघं एकमेकांना चावतात. म्हणून प्रत्यक्षात सी ११ लिहिलेलं दिसलं की बहुतेक वाजवणारे तिसरा गाळूनच टाकतात, आत्ताच मी सांगितलं की तिसऱ्याने जायचं नाही, आणि लगेच हा अपवाद, काय करणार. गाळल्यावर शेप उरतो तो बघा: ×-३-३-३-३-३. एका बोटाने आडवी दाबली की संपलं. सी, एफ, बी फ्लॅट, डी, जी. काटेकोर बोलायचं तर ही सी ९ सस ४ झाली, काही कागदांवर हीच गोष्ट बी फ्लॅट स्लॅश सी अशी लिहिलेली असते, आणि तिन्ही लिहिणाऱ्यांना साधारण हाच आवाज हवा असतो.

मायनरमध्ये हा त्रास नाही. तिथे तिसरा कोमल असल्याने त्याच्यात आणि अकराव्यात दोन फ्रेटचं अंतर पडतं, त्यामुळे मायनर ११ बिनधास्त वाजवा. आणि मेजर ७ बरोबर अकरावा हवाच असेल तर लोक तो एक फ्रेट वर सरकवतात, शार्प ११, आपला तीव्र म. सी मेजर ७ शार्प ११, नाव किती लांब, आणि शेप काय तर ×-३-२-०-०-२. रोजची सी मेजर ७ धरून सगळ्यात बारीक तारेवर दुसऱ्या फ्रेटला एक बोट. करून बघा, खोलीची खिडकी उघडल्यासारखं वाटतं.

शार्प फ्लॅटची शेपटं

नावाच्या शेवटी किंवा कंसात फ्लॅट ९, शार्प ९, शार्प ११, फ्लॅट १३ असं काही लटकलेलं असेल तर तो स्वर एक फ्रेट मागे किंवा पुढे, बाकी सगळं जसं होतं तसं. फ्लॅट ५ आणि शार्प ५ दिसले तर मात्र पाचव्याला दांडी मारू देऊ नका, आता तो भरीचा राहिलेला नाही, नावातच त्याला बोलावलंय. बी मायनर ७ फ्लॅट ५ चा शेप ×-२-३-२-३-×, त्यात चौथ्या तारेवरचा एफ म्हणजे तो फ्लॅट ५. ऑल्ट असं लिहिलेलं असेल तर डॉमिनंट कॉर्डचे पाचवा आणि नववा तुमच्या मनाने वर खाली करायची मुभा आहे, पण ते सुरुवातीला सोडून द्या.

शार्प ९ ची एक गोष्ट सांगण्यासारखी. ई ७ शार्प ९, जिला गिटारवाले रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या नावाने हेंड्रिक्स कॉर्ड म्हणतात: ०-७-६-७-८-×. ई, ई, जी शार्प, डी, आणि दुसऱ्या तारेच्या आठव्या फ्रेटला जी. आता जी म्हणजे ई चा कोमल ग, मायनर तिसरा. मेजर तिसरा जी शार्प पण आहे आणि मायनर तिसरा पण, दोन्ही एका कॉर्डमध्ये, म्हणूनच ती अशी खरखरीत, भांडखोर वाटते. पण दोन तिसरे लिहिणार कसे, म्हणून वरच्याला शार्प ९ म्हटलं.

एक भीतीदायक नाव सोडवून बघू

एफ शार्प मायनर ११. कुठून सुरुवात?

मूळ स्वर एफ शार्प, जाड तारेवर दुसरा फ्रेट. मायनर म्हणजे तिसरा तीन फ्रेटवर, ए. पाचवा सात फ्रेटवर, सी शार्प. मेजर शब्द कुठे नाही, म्हणजे सातवा कोमल, दहा फ्रेटवर, ई. नववा दोन फ्रेटवर, जी शार्प. अकरावा पाच फ्रेटवर, बी. हजेरीपट तयार: एफ शार्प, ए, सी शार्प, ई, जी शार्प, बी. आता दांडीबहाद्दर काढा, पाचवा जाऊ दे, मधला नववाही जाऊ दे. उरले एफ शार्प, ए, ई, बी. ह्यातले बी आणि ई तर गिटारवर मोकळ्याच वाजतात! शेप झाला २-×-२-२-०-०. आता कोणी नाक मुरडून म्हणेल की नववा नाही तर ही एफ शार्प मायनर ७ अ‍ॅड ११, आणि त्याचं बरोबरच आहे, पण कागदावर लोक मायनर ११ च लिहितात.

असंच रोज एक नाव घ्या, आधी कागदावर स्वर काढा आणि मगच गिटार उचला. उलटं करू नका, म्हणजे शेप शोधून पाठ करणं. मी दोन वर्षं शेप पाठ केले, भरपूर आले, आणि एकाचाही मला अर्थ माहीत नव्हता.

एकच माणूस, दोन नावं

सी ६ चे स्वर सी, ई, जी, ए. ए मायनर ७ चे ए, सी, ई, जी. तेच चार. मग नाव कोण ठरवतं? बहुतेक वेळा सगळ्यात खालचा स्वर, आणि आधी मागे काय वाजतंय ते. सुरुवातीच्या मोकळ्या तारा आठवा: खाली ई असेल तर ई मायनर ११, पण त्याच वेळी बेसवाल्याने खाली जी धरला तर तेच पाच स्वर जी ६/९ होतात: जी, बी, डी, ई, ए. तुम्ही काहीच बदललं नाही, नाव बदललं. म्हणून दोन ठिकाणी एकाच शेपची दोन नावं दिसली तर लगेच एकाला चूक ठरवू नका. स्लॅशचं सोपं आहे, तिरक्या रेघेच्या नंतरचा स्वर सगळ्यात खाली वाजवायचा. अपवाद तो ६/९ चा, तिथे रेघेनंतर अक्षर नसून आकडा आहे.

आता हे सगळं हाताला लावायला तीन कॉर्ड, एकामागून एक, प्रत्येकी चार ठोके:

डी मायनर ९: ×-५-३-५-५-×
जी १३: ३-×-३-४-५-×
सी मेजर ९: ×-३-२-४-३-×

वाजवताना जाड तारांकडे बघू नका, त्या फक्त मूळ स्वर बदलतायत. चौथ्या तारेवर बघा: एफ, पुन्हा एफ, मग एक फ्रेट खाली ई. तिसऱ्या तारेवर सी, मग बी, आणि तो बी तसाच राहतो. दुसऱ्या तारेवर ई, ई, मग डी. पहिल्या कॉर्डमध्ये जो एफ तिसरा होता तोच न हलता दुसरीत सातवा झाला, आणि जो ई नववा होता तो बसल्या जागी तेरावा झाला. आधी अगदी हळू, प्रत्येक तार सुटी वाजवून, तोंडाने आकडा म्हणत म्हणत करा: तिसरा, सातवा, नववा. बोटं अडखळतील ती जी १३ वरून सी मेजर ९ ला जाताना, कारण करंगळी पाचव्या फ्रेटवरून चौथ्या फ्रेटवर, आणि तेही दुसऱ्या तारेवरून तिसरीवर उडी मारते. तेवढे दोनच शेप वेगळे काढून पन्नासएक वेळा घोटा, मग तिन्ही जोडा.